सेडनाची फेरी कुणी पाहिली नाही, मग अकरा हजार वर्षं आली कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सेडना ही नेपच्यूनच्या खूप पलीकडून सूर्याभोवती फिरणारी छोटी वस्तू सापडली २००३ साली. म्हणजे तिला पाहू लागून दोन दशकं आणि वर थोडी वर्षं झाली. मग तिला सूर्याभोवती एक फेरी मारायला अकरा हजार वर्षं लागतात हे लोक छातीठोकपणे कसं सांगतात? आणि इतकं पक्कं ठाऊक असेल, तर एका ठिकाणी १०,५००, दुसरीकडे ११,४००, तिसरीकडे १२,०००च्या वर असे वेगवेगळे आकडे का? हा सगळा अंदाजपंचे कारभार तर नाही ना?

अंधुक, दूरच्या वस्तूंची आकाशातली स्थानं मोजायची आणि त्या मोजमापांवर कक्षा बसवायची, हे माझं नेहमीचं काम. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी एवढं सांगून टाकतो की आकड्यांतला हा फरक मोजण्यातल्या ढिसाळपणामुळे पडलेला नाही. त्याचं कारण निराळंच आहे आणि ते बरंच मजेशीर आहे.

पूर्ण फेरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचा काळ सांगता येतो, हे सिद्ध होऊन दोनशे वर्षं उलटली. पियाझ्झी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला १ जानेवारी १८०१ रोजी सेरेस दिसली, मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातली सर्वांत मोठी वस्तू. त्याने तिला जेमतेम ४१ दिवस पाहिलं आणि मग ती सूर्याच्या उजेडात हरवली. तेवढ्या निरीक्षणांवरून गाउस या २४ वर्षांच्या जर्मन गणितज्ञाने कक्षा काढून दिली आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला सेरेस त्याने सांगितलेल्या जागेजवळ पुन्हा सापडली. तिची फेरी असते साडेचार वर्षांहून थोडी जास्त. नेपच्यूनचंही तसंच. तो १८४६ साली सापडला आणि सापडल्यानंतरची त्याची पहिली फेरी २०११ मध्ये पूर्ण झाली. तोपर्यंत कुणी त्याच्या आवर्तनकाळासाठी खोळंबून बसलं नव्हतं.

हे जमतं कारण एखादी वस्तू एका क्षणी कुठे आहे आणि कोणत्या दिशेने किती वेगाने चालली आहे एवढं कळलं की पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. सूर्याचं वस्तुमान आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे लागतात फक्त सहा संख्या: जागेच्या तीन आणि वेगाच्या तीन. सगळी मेहनत या सहा संख्या मिळवण्यात जाते, आणि त्या सहाही सारख्याच सहज मिळत नाहीत.

१४ नोव्हेंबर २००३ च्या रात्रीपासून सुरुवात करू. पालोमार वेधशाळेच्या १.२ मीटरच्या सॅम्युएल ऑशिन दुर्बिणीने आकाशाच्या एका तुकड्याची सुमारे दीड-दीड तासाच्या अंतराने तीन छायाचित्रं घेतली. माइक ब्राउन, चॅड ट्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ यांची ही शोधमोहीम होती. तिन्ही छायाचित्रांत तारे जागच्या जागी होते. एक ठिपका मात्र ३.१ तासांत ४.६ विकला सरकला होता. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग, आणि ४.६ विकला म्हणजे त्या कॅमेऱ्यावर जेमतेम पाच पिक्सेल.

आता हे सरकणं कुणाचं? बहुतांशी पृथ्वीचं. वस्तू सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटरने तिला ओलांडून पुढे जात असते आणि त्यामुळे ती मागे सरकल्यासारखी दिसते. जितकी दूर तितकं सरकणं कमी. ताशी दीड विकला म्हणजे साधारण ९० खगोलीय एकक. (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर; नेपच्यून ३० एककांवर आहे.) सेडनाचा स्वतःचा वाटा यात ताशी पाव विकलाही नव्हता. म्हणजे पहिल्याच रात्री अंतराचा अंदाज आला, पण ती कुठल्या वाटेने चालली आहे याबद्दल जवळजवळ काहीच कळलं नाही.

जाता जाता एक गोष्ट. त्या मोहिमेचं सॉफ्टवेअर ताशी दीड विकलापेक्षा हळू सरकणारे ठिपके खोटे समजून टाकून द्यायचं. सेडना त्या गाळणीतून कशीबशी निसटली. मग ही मर्यादा खाली आणून जुनी छायाचित्रं पुन्हा तपासली, तर ऑक्टोबर २००३ मध्येच टिपलेली, पण गाळणीत अडकलेली एरिस जानेवारी २००५ मध्ये हाती लागली. प्लूटोचं ग्रहपद ज्या वस्तूमुळे गेलं ती वर्षभराहून अधिक काळ साठवलेल्या डेटामध्ये पडून होती.

पुन्हा सहा संख्यांकडे. आकाशातली जागा दोन कोनांनी सांगता येते आणि ते कोन किती वेगाने बदलताहेत हे काही आठवड्यांत कळतं. झाल्या चार. पाचवी संख्या म्हणजे अंतर. ते पक्कं व्हायला काही महिने लागतात, कारण पृथ्वी आपल्या कक्षेत इकडून तिकडे गेली की दूरची वस्तू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर डोलते. हाच पराशय. सेडनाच्या बाबतीत हे डोलणं मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना सुमारे ४० कलांचं आहे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा जास्त. त्याच वर्षभरात ती स्वतः पुढे सरकते साधारण ३५ कला. परिणामी तिचा मार्ग नकाशावर काढला तर एकापुढे एक वेटोळी दिसतात. ही वेटोळी नीट मोजली की अंतर हातात येतं.

घोडं अडतं ते सहाव्या संख्येवर. ती वस्तू आपल्या दिशेने येते आहे की दूर जाते आहे, आणि किती वेगाने? या दिशेतल्या हालचालीने आकाशातला ठिपका जराही सरकत नाही. डॉप्लर परिणामाने, म्हणजे हालचालीमुळे प्रकाशाच्या रंगात पडणाऱ्या फरकावरून, हा वेग थेट मोजावा म्हटलं, तर सेडनाची दृश्यप्रत (तेजाचं माप; आकडा मोठा तितकी वस्तू अंधुक) २१च्या आसपास. इतक्या अंधुक ठिपक्याचा वर्णपट हव्या त्या बारकाईने काढायला प्रकाशच पुरत नाही. मग एकच मार्ग उरतो: वाट पाहायची. ती जवळ येत असेल तर वर्षागणिक वेटोळी थोडी मोठी होत जातात आणि तिची स्वतःची चालही किंचित वाढते. हा बदल अतिशय हळू असतो. म्हणून नव्या दूरच्या वस्तूची कक्षा पहिल्या एक-दोन वर्षांत कुणी सांगितली, तर मी आधी निरीक्षणं किती वर्षांची आहेत ते बघतो.

सेडनाच्या बाबतीत नशीब चांगलं होतं. सापडल्यावर लोकांनी जुन्या संग्रहांत शोध घेतला आणि ती १९९० च्या छायाचित्रातही निघाली. तेव्हा ती तिथे होती, फक्त कुणाला ठाऊक नव्हतं. आज आपल्याकडे पस्तीस वर्षांचा चाप आहे, म्हणजे पहिल्या ते शेवटच्या निरीक्षणादरम्यानचा कक्षेचा तुकडा. त्यातच गाया या अंतराळ दुर्बिणीने ताऱ्यांची स्थानं इतकी काटेकोर करून दिली की आधी घेतलेली छायाचित्रंही नव्याने मोजता आली. आम्ही वस्तूचं स्थान नेहमी शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भात मोजतो. तारे सुधारले की जुनं मोजमापही सुधारतं.

पस्तीस वर्षं म्हणजे अकरा हजारांतली ०.३ टक्के, असं तुम्ही म्हणाल. काळाच्या हिशोबाने बरोबर आहे. पण केप्लरच्या दुसऱ्या नियमाने वस्तू सूर्याजवळ असताना भराभर कोन कापते, आणि सेडना सध्या तिच्या कक्षेच्या सर्वांत जवळच्या टोकाकडे चालली आहे. या पस्तीस वर्षांत तिने सूर्याभोवती सुमारे १९ अंश कापलेत आणि ती जवळपास ११ एकक जवळ आली आहे. वर्तुळाचा एकोणिसावा भाग, आणि तोही जिथे वळण सर्वांत तीव्र असतं तिथला. एवढ्यावर दीर्घवर्तुळ बसवणं मुळीच धाडसाचं नाही.

आणि मोजमाप किती बारीक आहे तेही पाहा. चांगल्या छायाचित्रात जागेची चूक ०.१ विकलाच्या आसपास राहते. सेडनाच्या अंतरावर ते भरतात सुमारे ६,००० किलोमीटर. जुन्या छायाचित्रात याच्या दसपट चूक धरली तरी ६०,००० किलोमीटर. ही चूक पस्तीस वर्षांवर पसरली की आडव्या वेगात सेकंदाला काही सेंटीमीटरपेक्षा जास्त घोळ उरत नाही. ढोबळ हिशोब आहे, पण मुद्दा कळावा.

तर मग आकडे वेगवेगळे का?

सेडना सध्या सूर्यापासून साधारण ८३-८४ एककांवर आहे. या अंतरावर वस्तू गोल कक्षेत फिरत असेल तर तिचा वेग सेकंदाला सुमारे ३.२६ किलोमीटर असतो. सूर्याच्या तावडीतून कायमचं सुटायला लागणारा मुक्तिवेग आहे ४.६१. सेडनाचा वेग आहे सुमारे ४.४२. म्हणजे सेकंदाला आणखी १९० मीटर मिळाले असते तर ती परत आलीच नसती. सुटण्याच्या इतक्या जवळ असलेल्या वस्तूचा आवर्तनकाळ वेगातल्या बारीकशा फरकानेही खूप बदलतो. कारण ती परत फिरण्याआधी किती लांब जाईल हे त्या उरलेल्या १९० मीटरवर ठरतं.

आता सूर्याकडे पाहा. सूर्य एका जागी स्थिर नाही. गुरू त्याला ओढतो आणि सुमारे १२ वर्षांच्या एका चक्रात सूर्य सेकंदाला साधारण १२.५ मीटरच्या वेगाने डुलत राहतो. बाकी ग्रहांची थोडी भर वेगळी. वेग मोजायचा तो कशाच्या संदर्भात? सूर्याच्या संदर्भात मोजला तर सूर्याचं हे डुलणं सेडनाच्या वेगात मिसळतं. १९० मीटरच्या फरकात १२.५ मीटरची भेसळ म्हणजे थोडीथोडकी नव्हे. हिशोब करून पाहा, आवर्तनकाळात हजारएक वर्षं इकडेतिकडे होतात. गुरू कक्षेत या बाजूला असताना कक्षा काढली तर उत्तर साडेदहा हजारांच्या आसपास येऊ शकतं आणि सहा वर्षांनी काढली तर साडेबारा हजारांच्या. निरीक्षणं तीच, गणित बिनचूक, आणि उत्तरात दोन हजार वर्षांचा फरक!

सेडनाला या डुलण्याचा पत्ताही नसतो. ती इतकी लांब आहे की तिच्या दृष्टीने सूर्य आणि सगळे ग्रह मिळून जणू एकच वस्तुमान, आणि ते सूर्यमालेच्या वस्तुमान-केंद्रात एकवटलेलं. म्हणून वेग त्या केंद्राच्या संदर्भात मोजायचा. तसं केलं की आकडा स्थिरावतो: अर्धदीर्घ अक्ष (लंबगोल कक्षेच्या लांबीचा निम्मा भाग) सुमारे ५०६ एकक, सर्वांत दूरचं टोक सुमारे ९३७ एकक आणि आवर्तनकाळ सुमारे ११,४०० वर्षं. मार्च २००४ मधल्या पहिल्या घोषणेत १०,५०० वर्षं सांगितली होती. ती बातमी अजून फिरते आहे. १२,०००च्या वरचे आकडे बहुधा कुणीतरी सूर्यकेंद्री कक्षेच्या तक्त्यातून थेट उचललेले असतात. तक्ता चूक नसतो, पण तो फक्त वर दिलेल्या तारखेपुरता असतो. ती तारीख कुणी वाचत नाही ही आमच्याकडची जुनी तक्रार आहे.

तुम्ही कुठे लिहिणार असाल तर "सुमारे ११,४०० वर्षं" लिहा. पुढे दशांश चिन्ह लावून अंक देऊ नका. एवढ्या काळात जवळून जाणारे तारे आणि आकाशगंगेचं भरतीबल (तिच्या गुरुत्वाकर्षणाची जागोजागी कमीजास्त पडणारी ओढ) थोडाफार फरक पाडणारच.

याउलट दिवसाची गंमत ऐका. सेडना स्वतःभोवती फिरायला वीसहून अधिक पृथ्वीदिवस घेते असं सुरुवातीला वाटलं होतं. इतकं संथ फिरणं म्हणजे तिचा वेग मंदावणारा तिचा स्वतःचा चंद्र असणार, असा कयास बांधला गेला. हबल दुर्बिणीने पाहिलं, चंद्र काही दिसला नाही. २००५ मध्ये तिच्या प्रकाशातले चढउतार मोजल्यावर निघालं की ती सुमारे १०.३ तासांत एक गिरकी घेते. म्हणजे जो काळ रात्रभर दुर्बीण लावून पाहता येतो त्यात घोळ झाला आणि जो कुणालाच पाहता येणार नाही तो बऱ्यापैकी बरोबर आला.

खरं सांगायचं तर मला आवर्तनकाळात फारसा रस नाही. सेडनाचा महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे: उपसूर्य अंतर, म्हणजे ती सूर्याच्या जास्तीत जास्त किती जवळ येते. ते आहे सुमारे ७६ एकक आणि ते सूर्याच्या डुलण्याने जवळजवळ ढळत नाही. वर सांगितलेल्या ज्या भेसळीने आवर्तनकाळ हजार वर्षांनी हलतो, तिने उपसूर्य अंतर अर्ध्या एककानेही हलत नाही. २०७६ च्या सुमारास ती त्या बिंदूवर पोहोचेल.

या ७६ ने एवढी खळबळ का माजावी? कायपर पट्ट्यातल्या (नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ वस्तूंच्या पट्ट्यातल्या) लांबट कक्षांच्या वस्तू तिथे बहुधा नेपच्यूनने भिरकावल्यामुळे पोहोचल्या आहेत. पण भिरकावण्याचा एक नियम आहे. ज्या जागी धक्का बसला त्या जागेजवळून वस्तूला पुढच्या फेरीतही जावंच लागतं, कारण ती जागा तिच्या नव्या कक्षेवरच असते. धक्क्याने दूरचं टोक हवं तेवढं लांबवता येतं, जवळचं टोक मात्र नेपच्यूनच्या परिसरातच अडकून राहतं. म्हणून अशा वस्तूंचं उपसूर्य अंतर तीस-चाळीस एककांत असतं. सेडना ७६ च्या आत कधी येतच नाही. नेपच्यूनचा हात तिथवर पोहोचत नाही. तिचं दूरचं टोक नेपच्यूनने ताणलं असं मानलं, तरी जवळचं टोक उचलून बाहेर नेणारा दुसराच कुणीतरी असला पाहिजे.

आकाशगंगेचं भरतीबल हे काम करू शकतं, पण कित्येक हजार एककांपलीकडे. ९३७ एककांवर ते फार दुबळं पडतं. मग सर्वांत सरळ वाटणारा पर्याय असा, की सूर्य जन्मला तो ताऱ्यांच्या दाट समूहात, आणि तेव्हा शेजारचा एखादा तारा आजच्या मानाने फारच जवळून गेला. त्याने अशा वस्तूंची जवळची टोकं उचलली, मग तो समूह पांगला आणि सेडना तशीच राहिली. दुसरा पर्याय म्हणजे अजून न सापडलेला मोठा ग्रह. कॉन्स्टँटिन बॅटिगिन आणि माइक ब्राउन यांनी २०१६ मध्ये मांडलेला नववा ग्रह तो हाच. सेडना मुळात दुसऱ्याच ताऱ्याची होती आणि सूर्याने ती पळवली, असंही मांडलं गेलं आहे. माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे, कारण बरेचसे तारे समूहांतच जन्मतात आणि त्यासाठी नवं काही गृहीत धरावं लागत नाही. पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा मिळायचा तर सेडनासारख्या आणखी वस्तू हव्यात, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. परावर्तित प्रकाश अंतराच्या चौथ्या घाताने कमी होतो: सूर्यप्रकाश जाताना वर्गाने विरळ होतो आणि परत येताना पुन्हा वर्गाने. दूरच्या टोकाला असताना सेडना आजच्यापेक्षा पंधरा हजार पटींहून अधिक अंधुक असते. १०० एककांच्या आत ती एका फेरीत फक्त २०० वर्षांच्या आसपास असते, दोन टक्क्यांहूनही कमी काळ. निम्म्याहून किंचित जास्त काळ ती ७६० एककांच्या पलीकडे काढते. सरळ त्रैराशिक मांडलं तर एक दिसली म्हणजे त्याच मापाच्या, तशाच कक्षांतल्या पन्नासएक तरी अंधारात असणार. एका उदाहरणावर उभं केलेलं त्रैराशिक आहे, तेव्हा त्यावर फार भार टाकू नका.

आतापर्यंत उघड तिच्या जातीच्या म्हणाव्यात अशा वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. २०१२ व्हीपी ११३ चं उपसूर्य अंतर ८० एकक आहे. ती २०१४ मध्ये जाहीर झाली. २०१८ मध्ये जाहीर झालेली लेलेआकूहोनुआ ६५ वर येते. तिचं दूरचं टोक २,००० एककांच्या आसपास जातं आणि तिच्या आवर्तनकाळात मात्र खरोखरची अनिश्चितता आहे: निरीक्षणांचा चाप लहान, वस्तू सेडनापेक्षा खूप लहान आणि अंधुक, आणि वेग मुक्तिवेगाच्या आणखी जवळ. २०२५ मध्ये २०२३ केक्यू १४ जाहीर झाली, उपसूर्य सुमारे ६६. नववा ग्रह असेल तर या वस्तूंच्या कक्षांची लांब टोकं आकाशात एका बाजूला गोळा व्हायला हवीत. २०२३ केक्यू १४ चं टोक मात्र बाकीच्यांशी जुळत नाही, त्यामुळे त्या बाजूच्या मंडळींना थोडी उत्तरं द्यावी लागताहेत. चार वस्तूंवर कुठलाच निवाडा होत नाही. चिलीतल्या रुबिन वेधशाळेची ८.४ मीटरची दुर्बीण आता तेच आकाश पुन्हा पुन्हा टिपत राहील. तिच्यात नव्या सेडना सापडल्या तरी त्यांची सहावी संख्या हाती यायला काही वर्षं जातीलच. तोवर कुणी "नव्या वस्तूचा आवर्तनकाळ अमुक हजार वर्षं" अशी बातमी दिली, तर आधी उपसूर्य अंतर बघा आणि मग चाप किती महिन्यांचा आहे ते.